कुशीची वही

सोमवार, ९ डिसेंबर २०२४

मेहनाज,

फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस. कर बाई, तुझा फोन, तुझी मर्जी. पण मग मला असं कागद-पेन घेऊन बसावं लागतं, त्याचं काय? साहेबांच्या वकिलांनी आम्हां सगळ्यांना बजावलंय, या प्रकरणाबद्दल फोनवर बोलायचं नाही, मेसेज करायचा नाही. पत्राचं काही म्हणाले नाहीत. आजकाल कोणी पत्र लिहील हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल.

मुद्द्याचं ऐक. विमलबाईंच्या सुनीलने तक्रार केलीय. ग्राहक आयोगात एक आणि खालापूरला पोलिसांत दुसरी. त्याचं म्हणणं, दहा नोव्हेंबरच्या रविवारी मी आईला भेटून गेलो तेव्हा तिची पाठ साफ होती, सतराच्या रविवारी आलो तर माकडहाडापाशी जखम, आत हाड दिसतंय. सात दिवसांत हे कसं झालं आणि याला जबाबदार कोण, एवढंच त्याला कळायला हवंय. विमलबाई अजून दवाखान्यातच आहेत.

साहेबांनी लेखी उत्तर दिलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असा आपल्या वृद्धाश्रमाचा नियम आहे, विमलबाईंसाठी अटेंडंट नेमलेली होती, तिने नियम पाळला नाही, म्हणून अठरा तारखेला तिला कामावरून काढलं. अटेंडंट म्हणजे तू.

लगेच कागद फाडू नकोस, पुढचं वाच. साहेब म्हणतात, तू दोन ओळी लिहून द्याव्यात, की कामाचा ताण होता, चुकून राहून गेलं. मग ते सुनीलशी बोलून प्रकरण आपसात मिटवतील, तुझ्यावर पोलिसांची वेळ येऊ देणार नाहीत. तुझं मस्कतला जायचं ठरतंय ना? सोनाबाई सांगत होती, तिकडे एका म्हातारीला सांभाळायचं काम आहे म्हणून. त्याला पोलिसांचा दाखला लागतो. नावावर गुन्हा पडला तर कोण देणार तो? म्हणून म्हणते, झाकली मूठ झाकलीच राहू दे.

मी तुझ्या भल्याचंच सांगतेय. चार वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, कधी वाकडा शब्द बोलले का तुला? बरं, बोलले असेन. पण कामापुरतं.

माझी आई बरी आहे. तू विचारणार नाहीस, तरी सांगते. बारा नंबरच्याच खोलीत आहे. खोकला गेला, ताप गेला, पेज खाते.

माधवी सिस्टर


गुरुवार, १९ डिसेंबर

मेहनाज,

तुझा भाऊ काल गेटवर आला होता. माझं पत्र हातात, आणि आवाज असा की दहिवलीपर्यंत जावा. "माझ्या बहिणीला गुन्हा कबूल करायला सांगता? त्या आठवड्यात ती कुठं होती ते तुम्हाला ठाऊक नाही का, सिस्टर?" मी म्हटलं, अझहर, हळू बोल, पेशंट झोपलेत. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि सगळे पेशंट जेवत होते. त्याने पत्राची घडी घालून खिशात टाकली. मग गेला.

मी तुला लिहिलेलं पत्र तू भावाच्या हातात दिलंस. हे काही मला आवडलं नाही.

त्या आठवड्यात तू कुठे होतीस ते कुशीच्या वहीत आहे. प्रत्येक पेशंटचं पान, दर दोन तासांचा रकाना, डावी, उजवी, उताणी आणि सही. अकरा ते सतरा नोव्हेंबर, विमलबाईंच्या पानावर तुझं नाव आहे आणि सगळे रकाने भरलेले आहेत. अक्षर माझं आहे, मान्य. पण ते काय गुपित आहे का? रोजच्या रफ वहीवर आमटीचे डाग, सोनाबाई तर नुसत्या काड्या ओढते. तपासणीला माणसं यायची म्हटलं की ती सगळी वही मीच फेअर करून काढते. सहा वर्षं काढतेय. तुम्ही सगळ्या चहा पीत मागे उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, सिस्टरचं अक्षर छापल्यासारखं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उठवायचे. अक्षर चांगलं, हाच माझा गुन्हा.

रफ वही फेअर झाली की रद्दीत जाते. तीही गेली.

आणि नोव्हेंबरात आपल्याकडे काय होतं ते तुला मी सांगायचं? भात खळ्यावर आलं की बाया झोडणीला घरी जातात. जाणारच. वर्षाचं धान्य आहे त्यांचं, म्हणतात, तुमचे म्हातारे काय पळून चाललेत? अकरा अटेंडंटपैकी चार उरल्या होत्या. एकोणतीस म्हातारी माणसं, त्यांतली नऊ अंथरुणाला खिळलेली. मी साहेबांना दसऱ्यालाच सांगितलं होतं, दरवर्षी सांगते, की एका महिन्यासाठी बाहेरून बाया आणा. साहेब काय म्हणतात? "सिस्टर, अ‍ॅडजस्ट करा." ते एसीत बसून म्हणतात आणि मी करते. अ‍ॅडजस्ट म्हणजे कोणाला तरी कमी द्यायचं आणि ते वहीत दिसू द्यायचं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहून काढतेय आणि लिहिल्यावर बरं दिसत नाही.

तुझ्या दोन ओळी नको असतील तर नको. मी साहेबांना सांगेन, तू उत्तर दिलं नाहीस.

माधवी सिस्टर


शनिवार, ४ जानेवारी २०२५

मेहनाज,

विमलबाई सोमवारी गेल्या. तुला कळलंच असेल. जखमेतलं विष रक्तात उतरलं. सुनील आश्रमात त्यांचं सामान न्यायला आला होता. चष्मा, दोन लुगडी, स्टीलचा डबा. मी पावती पुढे केली, त्याने सही केली, आणि जाताना म्हणाला, "सिस्टर, आईला दुखत होतं का हो?" मी म्हटलं, नाही. तोंडातून निघून गेलं. मेहनाज, हाड उघडं पडलं होतं गं.

आता हे प्रकरण नुसत्या तक्रारीचं राहिलं नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू, असा गुन्हा दाखल होणार आणि नाव कोणाचं घालायचं ते आमच्या जबाबांवर ठरणार. वकील म्हणाले, विमलबाईंना आणलं तेव्हा सुनीलने फॉर्मवर सही केलीय, वयोमानाने होणाऱ्या जखमांना संस्था जबाबदार नाही म्हणून. साहेबांचा चेहरा उजळला. वकील म्हणाले, फार उजळू नका, असल्या कागदाने हयगय माफ होत नाही. काळजी घेतली होती हे दाखवावं लागेल, आणि कोणी घेतली नाही हेही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काल मला खालापूरला नेलं. दत्ता गाडी चालवत होता, मागे मी आणि वकील. तहसील कचेरीबाहेर पत्र्याखाली नोटरी बसतो. प्रतिज्ञापत्र आधीच टाइप करून आणलेलं. मी वाचलं. "दिनांक ११ ते १७ नोव्हेंबर या काळात श्रीमती विमलबाई यांची संपूर्ण देखभाल मेहनाज खलील मुल्ला हिच्याकडे सोपवलेली होती. मी तिला वेळोवेळी सूचना दिल्या होत्या. तिने त्या पाळल्या नाहीत हे मला नंतर समजले." पेन हातात घेतलं. नोटरीने आधारकार्ड मागितलं. मी पर्स उघडली, चाचपली आणि म्हटलं, अगं बाई, घरीच राहिलं. आधारकार्ड पर्समध्येच होतं. अगदी वरच होतं.

वकील परत येईपर्यंत गाडीत तेच प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचत होते. दत्ताने आरशातून बघितलं आणि गालातल्या गालात हसला. त्याला मी नंतर झापलं.

सोमवारी पुन्हा न्यायचं म्हणतायत. मी ताप आलाय असं सांगणार आहे. किती दिवस सांगणार? बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. हे पत्र लिहिताना चार वेळा उठून आईच्या खोलीत जाऊन आले.

तू एक ओळ तरी लिही. शिव्या घाल हवं तर.

माधवी


मंगळवार, १४ जानेवारी

मेहनाज,

आज संक्रांत. दरवर्षी तू माझ्याकडून तिळगूळ घेऊन म्हणायचीस, "गोड बोला आता तरी, सिस्टर." या वर्षी कोणी म्हणालं नाही.

साहेबांनी बोलावून घेतलं. ताप, आधारकार्ड, सगळं त्यांना कळतं, ते काय दुधखुळे आहेत? आवाज चढवला नाही. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या आईंना तीन वर्षं झाली ना आपल्याकडे? एक रुपया न घेता. आपण घरचीच माणसं." एवढंच. मी म्हटलं, हो साहेब.

आता जे लिहायला पाहिजे ते लिहिते. पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. तेव्हा मी तुला फसवत होते. नाही, तुला कशी फसवणार, तुला तर सगळंच ठाऊक आहे. मी स्वतःला फसवत होते आणि तुझ्याकडून त्यावर सही मागत होते. निर्लज्जपणाची कमाल आहे.

दहा तारखेच्या रविवारी आईला न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात हलवण्यात अर्थ नाही, इथेच इंजेक्शनं देऊ, पण हिला एका कुशीवर राहू द्यायचं नाही, पाठीवर थोपटत राहायचं. सोमवारी सकाळी ड्युटी लावायला बसले तर बाया चार. त्यांतली एक तू. तुझा हात कसा आहे ते मला ठाऊक होतं. पेशंटला कळतही नाही आणि कूस बदललेली असते. मी तक्त्यावर तुझं नाव विमलबाईंपुढे लिहिलं आणि तुला तोंडी सांगितलं, तू बारा नंबरला बस. तू विचारलंस, "आणि विमलबाई?" मी म्हटलं, सोनाबाई बघेल. सोनाबाईकडे आधीच सात जण होते.

तू सहा दिवस माझ्या आईपाशी बसलीस. डावी, उजवी, उशी, पावडर, पाठीवर थोपटणं. आईची पाठ आज तान्ह्या बाळासारखी आहे. ती पाठ मी रोज पुसते आणि मला ती बघवत नाही.

मंगळवारी तू जेवायच्या सुट्टीत विमलबाईंना बघून आलीस. रफ वहीत लिहिलंस, "माकडहाडाला लाल डाग, दाबला तरी पांढरा होत नाही. सिस्टरला सांगितले." सांगितलंस. मी म्हटलं, बघते. बघितलं का? नाही. बुधवारी पुन्हा आलीस. तेव्हा मी तुझ्यावर ओरडले, "तुला जिथे बसवलंय तिथे बस." शनिवार-रविवारी बसून वही फेअर केली तेव्हा ती ओळ आली. मी पेन थांबवलं, पुढचं पान उलटलं आणि ती ओळ गाळली. बाकी सगळं सुवाच्य लिहिलं.

रफ वही रद्दीत गेली नाही. माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. का ठेवली ते मलाही सांगता येत नाही. चांगुलपणामुळे ठेवली असं मात्र समजू नकोस. कदाचित भीतीने ठेवली असेल. टाकायला गेले आणि हात धजावला नाही.

अठरा तारखेला साहेबांनी तुला सगळ्यांसमोर काढलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी औषधांच्या ट्रॉलीकडे वळले. मेहनाज, तू तेव्हा का नाही बोललीस गं? "मी सिस्टरच्या आईपाशी होते," एवढं एक वाक्य. आईची लाज राखलीस की माझी? की तुला वाटलं, सिस्टर स्वतःच बोलेल?

तुला तसंच वाटलं असणार. म्हणून तर ब्लॉक केलंस.

माधवी


बुधवार, २९ जानेवारी

मेहनाज,

हे पाकीट जाड आहे, जपून उघड. आत माझं प्रतिज्ञापत्र आहे, मूळ प्रत. त्याच नोटरीकडे केलं, या वेळी एकटी गेले, एसटीने. त्याने ओळखलं. "आज आधारकार्ड आणलं का बाई?" म्हणाला. अझहरला सांग, आजच तुमच्या वकिलाकडे नेऊन दे.

त्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. तिथल्या मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान, पण पक्क्या. रफ वही आणि फेअर वही दोन्ही टेबलावर ठेवल्या. त्यांनी मंगळवारचं पान उघडलं, तुझी ओळ वाचली, मग फेअर वहीतलं तेच पान वाचलं. म्हणाल्या, "ही ओळ कुठं गेली?" मी म्हटलं, मी खाल्ली. त्या म्हणाल्या, "नीट सांगा." मग नीट सांगितलं. पहिल्यापासून. तुला कुठे बसवलं ते, कोणासाठी ते, तू दोनदा येऊन सांगितलंस ते, मी काय उत्तर दिलं ते. मॅडमनी विचारलं, मग जबाबदार कोण? मी म्हटलं, माणसं कमी पडणार हे साहेबांना दसऱ्यापासून ठाऊक होतं, ते त्यांचं. होती ती चांगली बाई मी माझ्या आईकडे वळवली, डाग कळूनही बघायला गेले नाही, आणि खोटी वही लिहिली, ते माझं. मेहनाजकडे यातलं काहीही येत नाही. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. म्हणाल्या, यात तुमचं नाव आरोपी म्हणून येऊ शकतं, कळतंय ना? नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही जाईल कदाचित. कळतंय म्हटलं. सही वाकडी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

साहेबांना दुपारपर्यंत कळलं होतं. संध्याकाळी आईचं सामान व्हरांड्यात होतं. दत्ताने त्याच्या मेहुण्याचा टेंपो आणला, गादीसकट आईला शिळफाट्याला आणलं. तळमजल्यावर एक खोली घेतलीय, मागे गॅरेज आहे, दिवसभर ठोकाठोकी. आईला वाटतं आपण लग्नाला आलोय आणि मांडव घालतायत. तिची कूस मीच बदलते आता. मोबाइलमध्ये दर दोन तासांचा गजर लावलाय. माझा हात तुझ्यासारखा नाही. ती कण्हते.

माफी मागायला हे पत्र नाही. माफ करू नकोस. तुझा दाखला निघो, तू मस्कतला जा, आणि तिकडच्या म्हातारीला कळू दे हात कशाला म्हणतात.

एक गोष्ट जबाबात नाही. मुद्दाम सांगितली नाही. सांगितली असती तर वकील म्हणाले असते, पेशंटनेच नकार दिला, सिस्टर, तुम्ही सुटलात. मला तसं सुटायचं नाही. पण तुला ती कळायला हवी.

बुधवारी सोनाबाई विमलबाईंची कूस बदलायला गेली. सोनाबाईला घाई, विमलबाईंचा खुबा मोडलेला, त्या ओरडल्या. मी धावत गेले. म्हणाल्या, "हिला नको. मेहनाजला बोलव. ती हळू करते." तू त्याच मजल्यावर होतीस, सात दारं सोडून, माझ्या आईपाशी. मी म्हटलं, मेहनाज गावाला गेलीय, सोमवारी येईल. तेव्हा त्या शांत झाल्या. म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ दे. ती आली का करील. तवर पडते मी अशीच, मला काय हुतंय?"

त्यानंतर त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. रोज सकाळी विचारायच्या, आज कोणता वार हाय गं? मी वार सांगायचे आणि पुढच्या खोलीत जायचे. रविवारी सुनील आला, त्याला वास आला, त्याने चादर उचलायला हात घातला. विमलबाईंनी त्याचा हात धरला. मी दारातच उभी होते. त्या त्याला म्हणाल्या, "आज नको रं बाबा. उद्या मेहनाज येतेय."

माधवी